ज्यू नसलेल्या देशातला शायलॉक

नीलमोहर

१८ जुलै १२९० रोजी इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने हुकूम काढला की राज्यातल्या सगळ्या ज्यूंनी १ नोव्हेंबरपर्यंत देश सोडून जावं. तोवर तिथे दोन-तीन हजार ज्यू उरले असावेत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. ते गेले. त्यानंतर थेट १६५६ पर्यंत, म्हणजे साडेतीनशेहून अधिक वर्षं, इंग्लंडमध्ये उघडपणे ज्यू म्हणून राहता येत नव्हतं. कवी चॉसर, नाटककार मार्लो आणि शेक्सपिअर हे तिघेही या मधल्या काळातले. आणि इंग्रजी साहित्यातले पहिले ठळक ज्यू याच तिघांनी लिहिले आहेत. शेक्सपिअरचा ज्यू म्हणजे 'मर्चंट ऑफ व्हेनिस' नाटकातला सावकार शायलॉक.

हे मला फार छळतं, म्हणून धागा काढते आहे. जो माणूस गावात नाही, गल्लीत नाही, ज्याला आजोबांनीसुद्धा पाहिलेलं नाही, त्याचा इतका बारकाईने तिरस्कार कसा करता येतो? माझं उत्तर असं की द्वेष जिवंत ठेवायला माणूस लागत नाही. गोष्ट पुरते.

सुरुवात नॉर्विचपासून करावी लागेल. ११४४ मध्ये या गावाबाहेरच्या रानात विल्यम नावाच्या बारा वर्षांच्या मुलाचं प्रेत सापडलं. कोणी मारलं ते कळलं नाही. काही वर्षांनी मॉन्मथचा थॉमस नावाचा एक साधू तिथल्या मठात आला आणि त्याने या मुलाचं चरित्र लिहायला घेतलं. ज्यूंनी येशूची विटंबना करण्यासाठी या पोराला हालहाल करून मारलं, असं त्याने लिहिलं. पुरावा म्हणजे ऐकीव गोष्टी, स्वप्नं आणि दृष्टान्त. नॉर्विचच्या शेरीफने त्या वेळी ज्यूंना किल्ल्यात आसरा दिला होता, हेही त्याच पुस्तकात आहे. म्हणजे जो अधिकारी जागेवर होता त्याला आळ पटला नव्हता. लांबून वाचणाऱ्या-ऐकणाऱ्यांना मात्र पटला. ११७१ मध्ये फ्रान्समधल्या ब्लुआ गावात तर कुणाचं प्रेतही सापडलं नव्हतं, तरी तीसहून अधिक ज्यूंना जाळलं.

मग १२५५ चं लिंकन. ह्यू नावाच्या लहान मुलाचं प्रेत विहिरीत सापडलं. कोपिन नावाच्या ज्यूला जीवदानाचं आमिष दाखवून कबुली घेतली. राजा तिसरा हेन्री स्वतः लिंकनला आला आणि त्याने कोपिनला ठार करायला लावलं. नव्वदेक ज्यूंना धरून लंडनला नेलं. त्यातल्या अठरा जणांनी फक्त ख्रिस्ती पंचांसमोर खटला चालवायला नकार दिला, तर त्यांना फासावर चढवलं. बाकीच्यांना पुढे सोडून दिलं. ज्या गुन्ह्यासाठी अठरा जण मेले त्याच गुन्ह्यातून उरलेले सुटले, यावरून राजाच्या लोकांना त्या आरोपावर कितपत विश्वास होता ते कळतं.

आता चॉसर. हकालपट्टीला शंभर वर्षं होत आली असताना तो कँटरबरीच्या यात्रेकरूंच्या गोष्टी लिहितो. त्यातली मठातली बाई एक गोष्ट सांगते: सात वर्षांचा मुलगा ज्यूंच्या आळीतून मेरीचं स्तोत्र गात जातो, ज्यू त्याचा गळा चिरून त्याला खड्ड्यात टाकतात, तरी मूल गातच राहतं. गोष्ट आशियातल्या कुठल्याशा शहरात घडते, पण शेवटी ती बाई लिंकनच्या ह्यूचा धावा करते आणि म्हणते, ही अलीकडचीच तर गोष्ट. अलीकडची! सव्वाशेहून जास्त वर्षं उलटून गेली होती. गोष्टीत काळ असा गोठतो.

मार्लोच्या माल्टाच्या ज्यूने, बाराबासने, तर सगळेच आळ एकट्याने अंगावर घेतले आहेत. तो विहिरींत विष कालवतो, अख्ख्या मठातल्या जोगिणींना लापशीतून विष घालतो. विहिरींचं विष १३४८ च्या प्लेगमधून आलेलं. तेव्हा ज्यूंनी विहिरी नासवल्या म्हणून रोग आला अशी आवई उठली. पोप सहावा क्लेमेंट सांगत होता की ज्यूसुद्धा याच रोगाने मरत आहेत, कोण ऐकतो? १४ फेब्रुवारी १३४९ ला स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो ज्यूंना जाळलं तेव्हा तिथे प्लेग अजून पोचलासुद्धा नव्हता.

१५९४ मध्ये राणी एलिझाबेथचा वैद्य रोद्रिगो लोपेझ याला विषप्रयोगाच्या कटाच्या आरोपावरून लंडनच्या टायबर्नला हालहाल करून मारलं. पोर्तुगालहून आलेला, ज्यू कुळातला, वरकरणी ख्रिस्ती. येशूवर जितकं प्रेम करतो तितकंच राणीवर करतो, असं तो फासापाशी म्हणाला तेव्हा गर्दी हसली, अशी नोंद आहे. त्याच वर्षी मार्लोचं नाटक पुन्हा जोरात चाललं. दोन-तीन वर्षांत शायलॉक आला.

मी शायलॉक बरीच वर्षं शिकवते आहे. तुम्हाला याबद्दल जे माहीत असेल ते लिहा. फक्त इंग्लंडवर थांबायची गरज नाही.

पानगळ

वाचतेय. चॉसरची ती गोष्ट कॉलेजात नुसती 'भाबडी श्रद्धा' म्हणून शिकवली होती. लिंकनबद्दल एक अक्षर कुणी बोललं नव्हतं.

यॉर्कशायरकर

नीलमोहरताई, लीड्सला राहतो, यॉर्क इथून जवळ. तिथल्या क्लिफर्ड टॉवरबद्दल लिहितो, कारण पर्यटक तिथे फोटो काढून निघून जातात.

११८९ च्या सप्टेंबरमध्ये राजा पहिला रिचर्ड याचा राज्याभिषेक झाला त्याच दिवशी लंडनमध्ये ज्यूंवर हल्ले झाले. रिचर्ड धर्मयुद्धाच्या तयारीला फ्रान्सला गेला आणि पुढच्या वसंतात ही आग गावोगाव पसरली. यॉर्कमधले ज्यू राजाच्या किल्ल्यातल्या लाकडी बुरुजात शिरले. बाहेर जमाव. त्याच्या म्होरक्यांत रिचर्ड मालबिस नावाचा सरदार होता आणि तो ज्यूंचा कर्जदार होता. ही एक गोष्ट कळली की पुढचं सगळं कळतं. १६ मार्च ११९० च्या रात्री, आता सुटका नाही हे दिसल्यावर, फ्रान्सच्या जॉइनीहून आलेले रब्बी (ज्यू धर्मगुरू) योम तोव यांनी लोकांना सांगितलं की जमावाच्या हाती लागण्यापेक्षा आपणच आपला शेवट करू. बापांनी बायकामुलांचे गळे चिरले आणि मग स्वतःचे. बुरुजाला आग लावली गेली. दीडशेच्या आसपास माणसं होती. जे थोडे उरले होते त्यांना 'ख्रिस्ती व्हा, जीव वाचेल' असं सांगितलं गेलं. ते बाहेर आले आणि त्यांनाही कापून काढलं.

यानंतर जमाव यॉर्कच्या मोठ्या चर्चमध्ये गेला. ज्यूंची कर्जखतं तिथे सांभाळायला ठेवलेली असत. ती सगळी खतं चर्चच्या आत, फरशीवर ढीग करून जाळली.

राजा चिडला, पण कशावर ते बघा. खतं जळाली म्हणजे राजाचंच उत्पन्न बुडालं. म्हणून ११९४ पासून प्रत्येक कर्जाच्या दोन प्रती करून एक प्रत सरकारी पेटीत ठेवायची पद्धत सुरू झाली. माणसं जळाल्यावर जो बंदोबस्त झाला तो कागदांचा.

आज जो दगडी बुरुज दिसतो तो नंतरचा, तेराव्या शतकातला. १९७८ मध्ये पायथ्याशी स्मृतिफलक बसवला. एक गोष्ट इथे नेहमी ऐकू येते की त्या रात्रीनंतर ज्यूंनी यॉर्कवर बहिष्कार घातला. तसं नाही. थोड्याच वर्षांत ज्यू परत आले, तिथे राहिले, भरभराटीला आले, आणि मग १२९० ला बाकीच्यांबरोबर हाकलले गेले. माझ्या दृष्टीने हे बहिष्कारापेक्षा जास्त दुखावणारं आहे. त्यांनी त्या गावावर पुन्हा विश्वास टाकला होता.

प्रश्नार्थक

माहिती चांगली आहे, पण एक बाजू राहते आहे. व्याजाचा धंदा होता की नव्हता? कर्जदार पिळला जातो तेव्हा कधी ना कधी उसळतोच. १८७५ मध्ये आपल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळलीच ना? त्याला आपण द्वेष म्हणत नाही, उठाव म्हणतो. मग यॉर्कचं तेवढं वेगळं का?

दर्यावर्दी

@प्रश्नार्थक, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

सुप्याच्या आणि आसपासच्या दंग्यांत लोकांना खतं हवी होती. मिळाली की जाळायचे आणि जायचे. सावकारांना मारहाण फारच थोड्या ठिकाणी झाली. यॉर्कमध्ये क्रम उलटा आहे: आधी पोराबाळांसकट माणसं, मग कागद. आणि व्याजबट्ट्याशी काडीचा संबंध नसलेली माणसं त्यात होती.

दुसरं म्हणजे ज्यू सावकारीत आले कसे, हे बघायला हवं. चर्चने ख्रिस्ती माणसाला व्याज घ्यायला बंदी केलेली. कारागिरांच्या संघांत ज्यूला जागा नाही, कारण त्यात ख्रिस्ती शपथ आलीच. शेतजमीन धरून राहणं जवळजवळ अशक्य. मग उरतं काय? आणि राजाला हे सोयीचंच होतं. इंग्लंडात ज्यू ही राजाची मालमत्ता मानली जाई. ज्यू कर्जदाराकडून व्याज घेणार, राजा ज्यूकडून हवा तितका कर ओरबाडणार. शिव्या ज्यूला, पैसा राजाला. लिंकनचा आरोन त्या काळातला इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक. तो ११८६ मध्ये वारल्यावर राजाने त्याची सगळी मालमत्ता आणि येणी ताब्यात घेतली. येणी इतकी होती की ती वसूल करायला खजिन्याची वेगळी शाखा काढावी लागली. म्हणजे कर्जदारांची सुटका झाली नाही. सावकार बदलला इतकंच. आता खुद्द राजा वसुलीला आला.

पुढे १२७५ मध्ये एडवर्डने कायदाच केला की ज्यूंनी व्याजाचा धंदा करायचा नाही. त्याच कायद्यात सात वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूने छातीवर पिवळं चिन्ह लावायचं. तुमच्या तर्काने धंदा बंद झाल्यावर राग निवायला हवा होता. तीन वर्षांत नाण्यांच्या कडा कापल्याच्या आरोपावरून सुमारे ६८० ज्यूंना धरलं, शेकडोंना फाशी दिली. आणि १२९० ला, अक्षरशः कंगाल झालेल्या या समाजाला हाकलायच्या बदल्यात, पार्लमेंटने राजाला भला मोठा कर मंजूर केला. जिवंतपणी जितका पैसा मिळत नव्हता तितका त्यांना घालवून मिळाला.

प्रश्नार्थक

हे राजाचं गणित मला माहीत नव्हतं. पटलं.

छापखाना

नीलमोहर, तुम्ही थॉमसच्या पुस्तकाचा उल्लेख केलात, त्यातली एक गोष्ट राहिली. थॉमस लिहितो की स्पेनमधल्या ज्यूंचे पुढारी दर वर्षी फ्रान्समधल्या नार्बोनला गुप्तपणे जमतात आणि यंदा कुठल्या देशातलं मूल मारायचं यासाठी चिठ्ठ्या टाकतात. हे बाराव्या शतकात.

१९०३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या एका वर्तमानपत्रात एक 'गुप्त इतिवृत्त' छापून आलं. ज्यूंचे वडीलधारे जगावर राज्य करायचा कट कसा रचतात त्याचं. साडेसातशे वर्षांनी तीच बैठक! फक्त चिठ्ठ्यांच्या जागी बँका आणि वर्तमानपत्रं आली. १९२१ मध्ये लंडनच्या टाइम्सचा बातमीदार फिलिप ग्रेव्ह्ज याने ओळीशी ओळ लावून दाखवलं की हा मजकूर मोरिस जोली नावाच्या फ्रेंच वकिलाच्या १८६४ च्या पुस्तकातून उचललेला आहे. ते पुस्तक तिसऱ्या नेपोलियनवरची टीका होती, त्यात ज्यूंचा संबंधच नव्हता. चोरी अशी पुराव्यानिशी पकडली गेली. काही फरक पडला का? हेन्री फोर्डच्या वर्तमानपत्राने अमेरिकेत हे सगळं वर्षानुवर्षं छापलं. त्याने १९२७ मध्ये माफी मागितली, पण तोवर अनेक भाषांत पुस्तकं पोचली होती. हिटलरने तर आपल्या आत्मचरित्रात लिहिलं की हे खोटं आहे असं ज्यूंची वर्तमानपत्रं ओरडतात, हाच ते खरं असल्याचा पुरावा. या तर्कापुढे काय पुरावा ठेवणार?

ते आत्मचरित्र आपल्याकडे मराठीत रस्तोरस्ती मिळतं, 'व्यक्तिमत्त्व विकास' आणि 'यशाचे मंत्र' यांच्या शेजारी. मुलं विकत घेतात. शिस्तप्रिय नेता, एवढंच डोक्यात. साठ लाख ज्यू मारले गेले, त्यात लहान मुलंच दहा लाखांहून जास्त, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मला याचा खरोखर संताप येतो.

आणि रक्ताच्या आळाचं, म्हणजे ज्यू ख्रिस्ती मुलं मारतात या आरोपाचं, म्हणाल तर तो हिटलरबरोबर संपला नाही. ४ जुलै १९४६. पोलंडमधलं किएल्त्से. एक मुलगा दोन दिवस घरी आला नाही. परतल्यावर म्हणाला, ज्यूंनी तळघरात कोंडलं होतं. त्या इमारतीला तळघरच नव्हतं. छळछावण्यांतून कसेबसे वाचून आलेल्यांपैकी बेचाळीस ज्यूंना त्या दिवशी जमावाने, पोलिसांनी आणि सैनिकांनी मारलं. ऑशविट्झची छळछावणी मुक्त होऊन दीड वर्ष झालं होतं.

पानगळ

इमारतीला तळघरच नव्हतं. हे वाक्य डोक्यातून जात नाही.

मांडवीकाठ

मी पणजीचा. या विषयाचं एक टोक आमच्या गोव्यात आहे, आणि तुमच्या मुंबईतही, म्हणून लिहितो.

१४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं. बरेच जण शेजारच्या पोर्तुगालात गेले. १४९७ मध्ये पोर्तुगालने त्यांना हाकललं नाही, सक्तीने बाप्तिस्मा दिला. हे 'नवे ख्रिस्ती'. १५०६ च्या ईस्टरच्या सुमाराला लिस्बनमध्ये या नव्या ख्रिस्तींचीच कत्तल झाली. बाटून ख्रिस्ती झाल्यावरही सुटका नाहीच.

अशाच एका कुटुंबात गार्सिया द ओर्ता जन्मला. वैद्यक शिकला, लिस्बनला शिकवू लागला, आणि १५३४ मध्ये मार्तिम अफोन्सो द सोझाबरोबर गोव्याला आला. तो कायमचाच. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याचं जाणंयेणं होतं, तिथल्या हकीम-वैद्यांशी त्याचे वाद झडत. मुंबई बेट पोर्तुगीज सरकारने त्याला भाडेपट्ट्याने दिलं होतं. इंग्रजांनी पुढे जिथे किल्ला बांधला तिथे ओर्ताचा वाडा होता. १५६३ मध्ये त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. आंबा, नारळ, हिंग, आलं, पटकी, सगळं त्यात. प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे आणि ग्रीक ग्रंथांत काय लिहिलंय यापेक्षा मी स्वतः काय पाहिलं ते मोठं, असा त्याचा बाणा आहे. युरोपला आपल्याकडची झाडं-औषधं नीट कळली त्यात या माणसाचा वाटा फार मोठा.

१५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं. ओर्ता १५६८ मध्ये वारला, अंथरुणावर. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुपचूप ज्यू धर्म पाळते म्हणून गोव्यात जिवंत जाळलं. नातेवाइकांच्या जबान्यांतून ओर्ताही शनिवार पाळत होता असं निघालं. १५८० मध्ये त्याच्या अस्थी थडग्यातून उकरून काढल्या आणि त्या जाळल्या.

मेल्यावर बारा वर्षांनी.

ज्यूंना शोधायला आलेली ही यंत्रणा पुढे गोव्यातल्या बाटलेल्या हिंदूंवर उलटली. दारात तुळस आहे का, लग्नात विडा-सुपारी वाटली का, हळद लावली का, याच्या चौकशा. मधली चार वर्षं सोडली तर हे १८१२ पर्यंत चाललं. म्हणजे आमच्या पूर्वजांनी जे भोगलं त्याची तालीम आधी ज्यूंवर झाली होती. आमच्याकडे शाळेत हे दोन वेगळे विषय म्हणून येतात, एकत्र कधीच येत नाहीत.

पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला आज गार्सिया द ओर्ताचं नाव आहे. बहिणीचं नाव कुठेही नाही.

अलिबागची_लेक

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. आजोळ रेवदंड्याजवळचं, आता मुक्काम अश्दोदला. घरात अजून मराठी बोलतो, पेसाहच्या (वल्हांडण सणाच्या) जेवणातही मराठी असतंच.

आमच्या लोकांची परंपरा अशी की नौगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि कोकणात राहिल्या. घाणा चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली. गावाच्या नावावरून आडनावं पडली, तुमच्यासारखीच 'कर' लावून. १७९६ मध्ये दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनामंदिर) बांधलं. शेकडो वर्षांत शेजाऱ्यांनी शनिवार पाळू दिला, सुंता करू दिली, कुणी आळ घेतला नाही. इथे इस्रायलमध्ये हे सांगितलं की पोलंड-रुमानियाकडची माणसं पुन्हा पुन्हा विचारतात, खरंच कधी नाही? त्यांच्या घरी होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूसंहाराच्या, स्मृतिदिनी भोंगा वाजतो तेव्हा नावं घेतली जातात. आमच्या घरी तशी घ्यायला नावं नाहीत. मी त्या दोन मिनिटांत त्यांच्यासाठी उभी राहते.

पण मुंबईबद्दल बोलताना नरिमन हाउस विसरता येत नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला कुलाब्यात अतिरेकी गल्लीतलं ते घर शोधत गेले, कारण तिथे ज्यू होते. रब्बी गॅव्रिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग, आणि त्यांच्याकडे उतरलेले पाहुणे. लहानग्या मोशेला त्याची भारतीय दाई उचलून बाहेर घेऊन आली. म्हणजे परका द्वेष आमच्याही दारात आला, आणि त्यातून मूल वाचवणारी बाईही इथलीच होती.

अवांतर: तुमच्या-आमच्या घरांत रोज सकाळी आकाशवाणीची जी धून वाजायची, ती बांधण्याचं श्रेय वॉल्टर कॉफमन यांना दिलं जातं. कार्ल्सबाडचे ज्यू, १९३४ मध्ये मुंबईला आले. नाझींमुळे देशोधडीला लागलेले बरेच डॉक्टर आणि कलावंत त्या काळात मुंबईत आले होते. व्हिसा मात्र सहज मिळत नव्हता, सरकार ब्रिटिशांचं होतं. ज्यांना नाही मिळाला त्यांचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पानगळ

ताई, तुमचं वाचून डोळे भरून आले.

मी डिकन्सबद्दल थोडं लिहिते, कारण एवढ्या अंधारात एक बरी गोष्ट आहे. 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला फॅगिन आठवतो ना, अनाथ पोरांना खिसे कापायला शिकवणारा म्हातारा? १८३७ पासून क्रमशः छापताना डिकन्स त्याला नावापेक्षा जास्त वेळा 'तो ज्यू' म्हणतो. १८६० मध्ये डिकन्सने आपलं लंडनचं घर डेव्हिस नावाच्या ज्यू बँकरला विकलं. त्यांच्या पत्नी एलायझा डेव्हिस यांनी १८६३ मध्ये डिकन्सला पत्र लिहिलं की फॅगिनमुळे तुम्ही एका छळलेल्या समाजावर मोठा अन्याय केला आहे. डिकन्स आधी जरा फणकारला. पण पुढच्याच कादंबरीत त्याने रायाह नावाचा एक सालस ज्यू म्हातारा आणला: सावकारीची बदनामी याच्या माथी, आणि पैसा मागे लपलेल्या ख्रिस्ती मालकाचा. दर्यावर्दींनी वर राजाबद्दल जे सांगितलं तेच डिकन्सने एका दुकानात दाखवलं! आणि १८६७ च्या आवृत्तीत फॅगिनच्या मागच्या प्रकरणांतून 'तो ज्यू' हे शब्द मोठ्या प्रमाणात काढून टाकले.

पात्र म्हणून रायाह फिका आहे, तो मनात राहत नाही. फॅगिन राहतो. पण एका वाचक बाईच्या पत्राने एवढा मोठा लेखक हलला, याचं मला मोल वाटतं.

प्रश्नार्थक

दोन प्रश्न, दोन्ही मनापासून. पहिला: एवढं सगळं असेल तर शायलॉक शिकवायचाच कशाला? दुसरा: आज गाझात जे चाललंय त्याबद्दल या धाग्यात कुणीच बोलत नाही. मग ही सहानुभूती एकतर्फी होत नाही का?

नीलमोहर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. गाझातल्या मुलांसाठी माझा जीव तितकाच तुटतो, आणि एखाद्या सरकारने केलेल्या कृत्यांचा जाब त्या सरकारला विचारलाच पाहिजे. त्यासाठी स्वतंत्र धागा काढा, मी तिथे लिहीन. पण यॉर्कच्या बुरुजातल्या बाईला किंवा रेवदंड्याच्या तेल्याला त्या हिशोबात ओढू नका. एकाच्या करणीसाठी जगभरच्या सगळ्यांना धरायचं, हीच तर थॉमसची रीत होती.

आता शायलॉक. मी तो शिकवणार, आणि कारण सांगते. शेक्सपिअरने गर्दीला हवा तसा ज्यू रंगवला, कर्ज फिटलं नाही म्हणून कर्जदाराच्या अंगचं मांस मागणारा, सुरी परजणारा. पण तिसऱ्या अंकात त्याच माणसाच्या तोंडी त्याने असे प्रश्न घातले की आम्हाला डोळे नाहीत का, टोचलं तर रक्त येत नाही का. हे मार्लोने केलं नव्हतं. मात्र त्या भाषणावर विसंबून नाटक निर्दोष ठरवणंही मला मान्य नाही. १९४३ मध्ये व्हिएन्नात नाझींनी हेच नाटक वेर्नर क्राउस या नटाला शायलॉक करून लावलं, तेव्हा व्हिएन्नाचे ज्यू रेल्वेगाड्यांत भरून पाठवून झाले होते.  नाटकात दोन्ही आहे आणि ज्याला जे हवं ते तो उचलतो.

जोडीला लेसिंगचा नाथान शिकवावा असं मला फार वाटतं. १७७९ मधलं जर्मन नाटक, धर्मयुद्धाच्या काळातलं जेरुसलेम, आणि त्यात ज्यू नायक हा सगळ्यांत शहाणा माणूस. नाझींनी ज्यू कलावंतांना सगळ्या रंगभूमीवरून हाकलल्यावर त्यांनी आपली वेगळी संस्था काढली, आणि १ ऑक्टोबर १९३३ ला बर्लिनमध्ये तिचा पहिला प्रयोग नाथानचाच केला, फक्त ज्यू प्रेक्षकांसमोर. १९४५ च्या सप्टेंबरमध्ये उद्ध्वस्त बर्लिनमधलं डॉइचेस थिएटर पुन्हा उघडलं तेही याच नाटकाने.

राहिला चौथा अंक. नायिका पोर्शियाचं दयेवरचं भाषण मुलं घडाघड म्हणतात. त्याच प्रवेशात शेवटी शायलॉकला जीवदान देताना अट घालतात की त्याने ख्रिस्ती व्हावं. आजवर मी हे एका वाक्यात उरकत आले, कारण सगळी पुस्तकं तसंच करतात. त्या काळच्या प्रेक्षकाला ती दयाच वाटत होती, आत्मा तरला म्हणून. पण यॉर्कशायरकरांनी सांगितलेले ते बुरुजातून बाहेर आलेले लोक, १५०६ चं लिस्बन, टायबर्नला ज्याच्या येशूच्या नावावर गर्दी हसली तो लोपेझ, आणि मांडवीकाठ यांनी लिहिलेला ओर्ता, या सगळ्यांनी ती अट पाळली होती. सक्तीने का होईना, ख्रिस्ती झाले होते किंवा व्हायला तयार होते. त्यांचं काय झालं ते वर लिहिलेलं आहे. शायलॉक मान खाली घालून म्हणतो, मला जाऊ द्या, मला बरं वाटत नाही. त्याच्यापुढे काय वाढून ठेवलंय हे नाटक सांगत नाही. या वर्षीपासून मी तिथे थांबणार आहे आणि मुलांना गोव्यातल्या कातारिनाबद्दल सांगणार आहे.

मांडवीकाठदादा, तिच्या खटल्याबद्दल मराठीत किंवा इंग्रजीत जे काही मिळेल ते कळवाल का? पुढच्या आठवड्यात चौथा अंक सुरू होतोय.